अम्मीसोबत विजापूरला

कोल्हापूर ते विजापूर, मिरज-अथणीमार्गे सुमारे १८० किलोमीटर. फज्र पढून निघालं तर जोहरच्या आत आरामात पोहोचता येतं. आम्ही दोघांनी एवढाच हिशोब केला होता. विजापूरची खाला अंथरुणाला खिळलेली, दोघी बहिणींची सहा वर्षांत गाठ नाही. गाडी सर्व्हिसिंग करून आणली, सुट्टी घेतली. आणि अम्मी म्हणाली, "मैं नै आती. तुम लोगां जाके आओ."

कधी गुडघ्यांचं निमित्त, कधी साखरेचं, कधी उन्हाचं. खरं कारण आमच्या धाकटीला कळलं, तेही रात्री दादीच्या कुशीत झोपल्यावर. मागच्या साली सोलापूरच्या लग्नाला निघताना अम्मीनं आदल्या रात्रीपासून पाणी तोंडाला लावलं नव्हतं. वाटेत जायचं कुठं? परत आल्यावर ताप भरला, लघवीला जळजळ. पाणी किती पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती गप्प बसली होती. आम्ही उन्हाला दोष देऊन मोकळे झालो होतो.

मग एका रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून अथणीपर्यंत जाऊन आलो, फक्त संडास बघायला. लोक हसतील, हसोत. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह ठेवणं बंधनकारक आहे, पण एका ठिकाणी कुलूप, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. दुसरीकडे देशी भांडं, तेही दोन उंच पायऱ्या चढून. गुडघे न वाकणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? एका हॉटेलात कमोड मिळाला, पण उठताना धरायला काही नाही. अखेर तीन जागा ठरल्या, साधारण तासा-दीड तासाच्या अंतरानं. तेवढ्या वेळानं उतरून चार पावलं टाकलेली बरीच. एकाच जागी बसून म्हाताऱ्या माणसाचे पाय सुजतात. शिवाय औषधाच्या दुकानातून घडीची कमोड-खुर्ची घेतली. डिकीत चादरीखाली ठेवली, शेजारी पाण्याचा कॅन आणि अम्मीचा नेहमीचा बदना.

इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागणार नाही असं कपड्यात गुंडाळून. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ते तापतं. नमाजची काळजी मात्र अम्मीनंच मिटवली. आपल्या हनफी हिशोबानं ७७-७८ किलोमीटरच्या पुढचा सफर, मुक्कामही चारच दिवसांचा, म्हणजे जोहर, असर, इशाचे फर्ज चाराऐवजी दोन. "मुसाफिराला सवलत आहे," ती म्हणाली, "मग म्हातारीला पण असेल." खुर्चीवर नमाज पढायला ती दोन वर्षं लाजत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं स्वतःहून घडीची खुर्ची गाडीत ठेवायला सांगितली.

तयारीला तिनं सुरुवात केली ती मग थांबेचना. गूळ, कांदा-लसूण चटणी, आणि पापाची तिकटीवरून चपलांचा जोड.

"अम्मी, खाला चालत नाही."

"मला ठाऊक आहे. उशाशी राहतील."

माप तिनं स्वतःच्या पायाचं दिलं. लहानपणी दोघी एकच जोड आलटूनपालटून घालायच्या म्हणे. गोलगुंबजाच्या मनोऱ्यातल्या पायऱ्या आता तिला चढवणार नाहीत. "तुम्ही वर जा, मी खाली बसून फातिहा पढते," असं तिनं आधीच जाहीर करून टाकलं.

फज्रनंतर निघालो. तावडे हॉटेल, शिरोली, हातकणंगले गेलं. अम्मीच्या मांडीवर पाण्याची बाटली, झाकण बंद. आम्ही आरशातून बघत होतो, बोललो काहीच नाही. जयसिंगपूर मागं पडलं. अंकलीच्या पुलावर कृष्णा दिसली तेव्हा तिनं धाकटीला विचारलं, "मिरजेला थांबायचंय नं?"

"हो दादी. कमोड आहे तिथं. अब्बांनी बघून ठेवलाय."

तिनं झाकण फिरवलं.