वरच्या सुराखालून

सॅम कुकच्या गळ्यात एक हरकत होती. 'ओ' धरायचा, लहरवत दोन-तीन सुरांवरून उतरवायचा आणि हवा तिथे अलगद ठेवायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी, बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावाने आणलेल्या कॅसेटमध्ये मी ती पहिल्यांदा ऐकली. गाणं होतं 'यू सेंड मी'. इंग्रजी मला जेमतेम कळायचं, पण त्या गाण्याचे शब्द अगदी साधे आहेत. जे सांगायचं ते सगळं त्या हरकतीत आहे.

आमचं घर नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतलं. ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर गात मी वाढलो. त्यामुळे हा माणूस आधी देवाची गाणी गायचा, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. जन्म १९३१चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. वडील धर्मोपदेशक. बालपण शिकागोत, भावंडांबरोबर चर्चमध्ये गाण्यात गेलेलं. विशीच्या उंबरठ्यावर त्याला 'सोल स्टरर्स' या नामवंत गॉस्पेल संचात जागा मिळाली, तीही आर. एच. हॅरिस यांची. हॅरिस म्हणजे त्या गायकीतलं मोठं घराणंच. त्यांची गाणी त्यांच्या पट्टीत गाताना या पोराचा गळा वर पोचेना. संचातले सोबती पुढे सांगत, की असाच एकदा वरचा सूर लागला नाही, तेव्हा तो त्या सुराच्या खालून तरंगत निघून गेला. तीच ही हरकत. उसन्या पट्टीत घसा फोडून घेणारे गायक मी पुष्कळ पाहिले आहेत. सॅमने आपल्या गळ्याला साधेल तेच इतकं घोटलं, की काही वर्षांत तरुण गॉस्पेल गायक त्याच्यासारखं गाऊ पाहू लागले.

मग तो चर्चच्या बाहेर पडला. पहिलं प्रेमगीत त्याने 'डेल कुक' या नावाने काढून पाहिलं. नाव बदललं तरी गळा कसा लपणार! लोकांनी ओळखलंच. १९५७ साली 'यू सेंड मी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अनेक जुने श्रोते दुखावले. ते दुखावणं मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना मी ऑर्केस्ट्रात गाऊ लागलो, तेव्हा वडिलांनी, अप्पांनी, माझ्याशी बोलणं टाकलं होतं. रविवारी उपासनेत माझ्या शेजारी उभे राहून ते गात, आणि घरी आल्यावर पुन्हा अबोला. त्या काळात रात्री मी ही कॅसेट लावून बसायचो. आधीची भक्तिगीतं आणि नंतरची प्रेमगीतं पाठोपाठ ऐकली, की तोच श्वास, तीच हरकत, तीच आर्जवं. सॅमने काही सोडलं होतं असं मला कधीच वाटलं नाही. पुढे त्याने 'सार रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि तिथे सोल स्टरर्सच्याच तबकड्या काढल्या. आपल्या गाण्यांचे हक्कही त्याने आपल्याकडे ठेवले. त्या काळात कृष्णवर्णीय गायकाने हे करणं फार विरळा होतं.

१९६३ त्याच्यासाठी क्रूर ठरलं. जूनमध्ये त्याचा दीड वर्षाचा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडाला. ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला त्याला हॉटेलात खोली नाकारली. जाब विचारला तर अटक झाली. जानेवारी १९६४ मध्ये त्याने 'अ चेंज इज गॉना कम' ध्वनिमुद्रित केलं. इथे तो लाडिक लहर घेत नाही. आवाजात पुन्हा गॉस्पेलचा ताण येतो, आणि सूर उभा राहतो. काळ्यांना शहरात फिरायला होणाऱ्या मज्जावाबद्दलचं त्यातलं कडवं एकल तबकडीतून कापलं गेलं. तबकडी बाजारात आली तेव्हा सॅम हयात नव्हता. ११ डिसेंबर १९६४ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून तो गेला, तेहेतिसाव्या वर्षी. त्या रात्रीबद्दल अजून वाद चालतात. मला त्यात शिरावंसं वाटत नाही. अप्पा गेले तेव्हा मी त्याच वयाचा होतो, आणि ते कडवं असलेलं पूर्ण गाणं मी तेव्हा किती वेळा ऐकलं असेन, सांगता येत नाही.

अलीकडे मात्र माझं मन त्याच्या मायामीच्या मैफिलीत रमतं. जानेवारी १९६३ मध्ये हार्लेम स्क्वेअर क्लबात, कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर झालेलं हे गाणं कंपनीने दाबून ठेवलं; ते बाहेर आलं १९८५ साली. तिथे गळा खरखरीत आहे, घामेजलेला आहे, आणि ओळी श्रोत्यांच्या तोंडी सोडून देणारा आहे. गाणं शिकायला येणाऱ्या मुलांना मी स्टुडिओतला गुळगुळीत सॅम नंतर ऐकवतो, आधी हा. टाळ्यांचा ठेका अंगात भिनू द्या, समोरच्यांना गायला लावा, मग त्या 'ओ'कडे या, असं त्यांना सांगतो.