हा तोच कशावरून?

कांद्यातून डीएनए काढून दाखविण्याचा प्रयोग हल्ली शाळांतून लोकप्रिय झाला आहे, आणि तो व्हावा असाच आहे. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. नळदुर्गाजवळच्या आमच्या जळकोटास सारे साहित्य एका फेरीत जमते. कांदा व मीठ घरचे, भांडी घासण्याचा पातळ साबण वाण्याकडचा, स्पिरिट औषधांच्या दुकानातले. ते तेवढे बर्फात ठेवून गार करावे लागते.

कांदा बारीक चिरून मीठ व साबण घातलेल्या कोमट पाण्यात घोटावयाचा. पेशीचे आणि तिच्या केंद्रकाचे आवरण बहुतांशी स्निग्ध द्रव्याचे असते. खरकट्या ताटाचा तेलकटपणा साबणाने सुटतो, तसे तेही सुटते, व आतील ऐवज पाण्यात उतरतो. मग फडक्यातून गाळून त्या पाण्यावर पेल्याच्या कडेने अगदी हळू स्पिरिट सोडावयाचे. डीएनएच्या रेणूंवर ऋण विद्युद्भार असल्यामुळे ते एरवी परस्परांस दूर लोटतात. मिठाने तो भार झाकला जातो, आणि स्पिरिटात विरघळून राहणे त्यांस जमत नाही. पाचदहा मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढरट, बुळबुळीत धागे दिसू लागतात. काडी फिरविली तर ते तिला गुंडाळले जातात.

"पाहा, हा डीएनए," असे म्हणून बहुतेक शिक्षक येथे फळा पुसतात. आमच्या वर्गातील एका मुलीने मात्र विचारले, "सर, हा तोच कशावरून?"

प्रश्न शेतकऱ्याच्या घरचा होता. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पूर आला होता. तेव्हापासून पिशवीवरच्या छापील मजकुरावर न विसंबता शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कोंब मोजणारी घरे आमच्याकडे थोडी नाहीत. बापाने बियाण्यास लावलेली कसोटी लेकीने गुरूच्या शब्दास लावली, यात आम्हास तरी उद्धटपणा दिसला नाही.

हाच प्रश्न फ्रीडरिश मीशर यासही पडला होता. 1869 साली जर्मनीतील ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत, त्याने रुग्णांच्या पट्ट्यांवरील पुवातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. पांढरे दिसले एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. प्रथिने पचविणाऱ्या जठररसाने ते पचत नाही, आणि त्यात फॉस्फरस आहे, हे पाहिल्यावरच त्याने त्यास 'न्यूक्लीन' हे नवे नाव दिले.

आम्ही दुसऱ्या दिवशी आणखी दोन पेले मांडले. एकात कांद्याखेरीज बाकी सारे. त्यात काहीच दिसले नाही, म्हणजे धागे कांद्यातलेच ठरले. दुसऱ्यात अंड्याचा पांढरा बलक. स्पिरिट पडताच तोही पांढरा झाला! म्हणजे पांढरेपणा ही काही ओळख नव्हे. आमच्या धाग्यांत कांद्याची प्रथिने व पेक्टिनही अडकलेली असणारच, हे आम्ही मुलांस स्पष्ट सांगितले. यावर त्या मुलीचे म्हणणे असे, की फक्त डीएनए तोडणारा एखादा रस आणून घातल्यास किती धागे उरतात ते पाहू.

असे विकर आहे. पण ते जळकोटच्या बाजारात मिळत नाही. सोलापूरच्या एका महाविद्यालयास पत्र धाडले आहे. मजकूर तिनेच लिहिला. आम्ही फक्त सही केली.