आधी तूर, मग आकडे

जानेवारीच्या सकाळी खामगावच्या बाजार समितीत तुरीचे ढीग पडले की माझा हात अजूनही आपोआप खिशाकडे जातो. तिथं पूर्वी एक लांबट वही असायची. प्रकल्प अहवाल लिहून देणं हा माझा व्यवसाय, आणि त्या अहवालांची सुरुवात टेबलावर न होता या ढिगांपाशी होत असे.

१९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना जाहीर झाली. सुशिक्षित बेरोजगाराला एक लाखापर्यंतचा प्रकल्प टाकता येईल, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात द्यायचा, कर्ज बँक देणार. घाटाखालच्या गावांतून, नांदुरा-मोताळ्याकडून, पोरं माझ्याकडे येऊ लागली. कुणाला पिठाची गिरणी हवी, कुणाला वेल्डिंगचं दुकान, पण सर्वांत जास्त मागणी दालमिलची. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ तेव्हा गावोगाव माहीत झाली होती. पोरगा येऊन खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि म्हणायचा, “मले दालमिल टाकाची हाय, भाऊ. कागदाचं तुमी पाहा.”

मी म्हणायचो, “कागद मी पाहतो. तूर तू पाहा.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन अडत्याच्या ओट्यावर जायचो.

आठवडाभर आम्ही फिरत असू. वहीत प्रश्न लिहिलेले असत आणि त्यांची उत्तरं त्या पोरानंच विचारायची, हा माझा नियम. तूर कोणत्या महिन्यात येते, कधी आटते? अडत, हमाली, तोलाई धरून क्विंटलमागे किती पडते? ओली तूर किती येते? डाळ घेणारा किराणावाला रोख देतो की महिन्याच्या उधारीवर नेतो? चुनी कोण नेतं? मग चालू असलेल्या एखाद्या मिलवर जाऊन उभं राहायचं. तुरीला तेल-पाणी लावतात, ती मुरवतात, मग उन्हात वाळवतात आणि त्यानंतरच ती जात्यावर चढते. शंभर किलो तुरीतून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ उतरते. हात चांगला असेल तर पंचाहत्तर, वाळवण बिघडलं तर सत्तरही नाही. या पाच किलोंतच मिलवाल्याचं वर्ष असतं. पोरगा हे डोळ्यांनी पाहायचा, आणि ओटाभर पसरलेली तूर पाहताना त्याच्या ध्यानात यायचं, की पावसाळ्यात हे वाळवण होणार नाही. म्हणजे वर्षाचे कामाचे दिवस तीनशे नाहीत.

यंत्राचं कोटेशन टपालानं यायचं. पत्र गेलं की उत्तर यायला पंधरवडा. त्या पंधरवड्यात कितीतरी जणांचा बेत बदललेला मी पाहिला आहे. एकजण दालमिल सोडून तुरीच्या खरेदीतच उतरला आणि नीट स्थिरावला. त्याचा अहवाल मी कधी लिहिलाच नाही, पण माझ्या कामातलं ते चांगलं काम होतं असं मला वाटतं.

मग टायपिंग. गोदरेजचं मराठी मशीन, चार प्रती, मध्ये तीन कार्बन. ताळेबंदाच्या पानावर एक आकडा चुकला की अख्खं पान नव्यानं. त्यामुळे मशीनपुढे बसण्याआधी आकडेमोड वहीत तीन-तीनदा व्हायची, आणि ती पुढच्या दिशेनंच व्हायची: आधी तूर, तिच्यातून डाळ, डाळीतून विक्री, विक्रीतून खर्च जाऊन उरलेलं, आणि उरलेल्यातून हप्ता. शेवटी जे उरेल ते उरेल. उरलं नाही तर पोराला सांगायचं, की बाबा, हे जमत नाही. फाइल घेऊन एसटीनं बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जायचं, आणि तिथं साहेबांनी “खेळतं भांडवल इतकं का?” असं विचारलं, तर उत्तर पोरगाच द्यायचा. त्याला ते पाठ नसायचं, माहीत असायचं.

२००१च्या सुमारास मी कॉम्प्युटर घेतला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एक आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलतात, हे पाहून पहिले काही दिवस झोप लागली नाही. पण त्याच यंत्रानं हिशेबाची दिशा फिरवली. बँकेला कर्जफेडीची क्षमता हप्त्याच्या दीडपट हवी असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावर ते उत्तर शेवटी यायचं. एक्सेलमध्ये ते आधी ठरवता येतं आणि मग विक्रीचा आकडा हळूहळू वर ढकलत त्याच्याशी जुळवता येतो. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. दालमिल असो, पापड असो, सिमेंटच्या विटा असोत, हीच शिडी. आजही कोणताही अहवाल उघडा, ती शिडी तिथं उभी असते.

मीही ती उभी केली. २००६ मध्ये घाटावरच्या एका गावातल्या तरुणाचा अहवाल मी जुन्या फाइलवरून केला. नाव बदललं, गाव बदललं, कामाचे दिवस तीनशेच राहिले. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन असे. हे मला माहीत होतं. माझ्याच घरात कंदील लागत होता. त्याची मिल रात्री चालायची आणि दिवसा बंद. आणि वाळवण तर दिवसाचं. दोन हंगामांत हप्ते थकले आणि यंत्र निम्म्या किमतीत गेलं. तो मला कधी वाईट बोलला नाही. त्याच्या अहवालाची प्रत मी अजून ठेवली आहे.

आज सोय किती वाढली आहे, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. सातबारा घरबसल्या निघतो, उद्यम नोंदणी मोबाइलवर होते, बाजारभाव आणि आवक रोजच्या रोज दिसते. संग्रामपूरच्या बचत गटातल्या बाईला एका सहीसाठी बुलढाण्याच्या चार फेऱ्या माराव्या लागत नाहीत, ही लहान गोष्ट नाही. २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, आणि प्रस्ताव तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदतीला असते. आमच्या वेळच्या एक लाखाच्या मानानं हे फार मोठं आहे. म्हणूनच चूकही मोठी होते.

कारण अहवाल आता दहा मिनिटांत होतो. साच्यात नाव घातलं की पंचवीस पानं तयार. आता तर एआयला दोन ओळी सांगितल्या की बाजारपेठेचा अभ्याससुद्धा लिहून मिळतो. तो वाचायला छान असतो. पण त्यात खामगावचा अडत्या नसतो आणि उधारी मागणारा किराणावाला नसतो. ज्याच्या नावानं अहवाल आहे, त्यानंही तो वाचलेला नसतो.

दालमिल बहुधा यंत्रापायी बुडत नाही. यंत्राला बँक पैसे देते. तूर मात्र जानेवारी ते मार्चमध्ये घेऊन ठेवावी लागते, डाळ वर्षभर विकायची असते, आणि मधल्या काळात पैसा पोत्यांत अडकतो. आपल्या जिल्ह्यात गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घेण्याची सोय आहे. बुलढाणा अर्बनसारख्या पतसंस्थेनं ते काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्याचं व्याज, गोदामाचं भाडं, भाव पडला तर काय, हे सगळं अहवालातल्या खेळत्या भांडवलाच्या एकाच पानावर असतं. साच्यात ते पान विक्रीची ठरावीक टक्केवारी धरून भरलेलं येतं.

तुमच्या घरातलं कुणी यंदा असा प्रस्ताव देणार असेल, तर अर्ज भरण्याआधी त्याला तुरीच्या हंगामात चार दिवस वही घेऊन बाजार समितीत उभं करा. उरलेला अहवाल कुणाकडूनही लिहून घ्या, यंत्राकडूनही घ्या. खेळत्या भांडवलाचं पान मात्र त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं.