देठासकट फूल

देव्हाऱ्यातल्या फुलाला देठ लागत नाही. जास्वंद, झेंडू, शेवंती मानेपाशी खुडून परडीत टाकली की पूजेची सोय झाली. अबोली तर गजऱ्यातच शोभते. फुलदाणीसाठी लावलेल्या फुलाची मागणी वेगळी. तिथे दांडा लांब, सरळ आणि ताठ हवा. कितीही देखणे फूल आखूड वाकड्या दांड्यावर आले तर ते झाडावरच राहिलेले बरे.

अशी फुले होसकोट्यात चांगली येतात. बंगळूरच्या पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्यावर असलेले हे गाव एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पठाराची उंची सुमारे ९०० मीटर. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हाही इथला सहसा त्याच्या खालीच राहतो, आणि रात्री गार असतात. लांब दांड्याच्या फुलांना हेच मानवते. लाल मातीत पाणी साचत नाही, पण कसही फार काळ टिकत नाही, म्हणून शेणखताला पर्याय नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस मात्र जोराचा. तेव्हा गादीवाफा उंच नसेल तर कंद कुजतात.

घराच्या बागेत अशा फुलांचा वाफा मागच्या बाजूला असावा. दर्शनी बागेतली फुले कापायला हात धजत नाही, आणि इथे तर कापण्यासाठीच लागवड असते. जरबेरा आणि कार्नेशन यांचा हट्ट घरी धरू नये. ती पॉलिहाऊसची पिके. निशिगंध, ग्लॅडिओलस, ॲस्टर, शेवंती, गुलाब, झिनिया एवढ्यावर वर्ष निघते.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, हे आता कोणाला खरे वाटणार नाही इतका तो इथला झाला आहे. एकेरी फुलाला वास जास्त, दुहेरीला रूप जास्त. होसकोट्यापासून फार दूर नसलेल्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने एकेरीत ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ आणि दुहेरीत ‘सुवासिनी’ असे वाण दिले. घरासाठी एकेरीच लावावा. वास नसलेला निशिगंध कशाला? एकदा लावलेले कंद साधारण तीन वर्षे फुलतात. ॲस्टरमध्ये याच संस्थेचे ‘कामिनी’ आणि ‘पूर्णिमा’ आहेत, तर पुण्याच्या गणेशखिंडीतून ‘फुले गणेश’ नावाचे पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आले.

शेवंतीचा स्वभाव सर्वांत गमतीचा. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. म्हणून पावसाळ्यात ती नुसती पानांनी वाढते. रस्त्यावरचा दिवा किंवा ओसरीतला बल्ब रात्रभर तिच्यावर पडत राहिला तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही आणि फुले लांबतात. व्यापारी शेतकरी हेच मुद्दाम दिवे लावून साधतात. घरी तो दिवा मालवावा लागतो. रोप हातभर होण्याआधी शेंडा खुडला तर फांद्या फुटून फुले पुष्कळ येतात. एकाच दांड्यावर एकच टपोरे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या लहान असतानाच काढून टाकायच्या. खुडताना जीव तुटतो, पण मोठे फूल त्याशिवाय येत नाही.

कापायची वेळ पहाटेची, रोपात पाणी भरलेले असताना. किती उमललेले कापावे, हे फुलागणिक बदलते. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की पुरे. वरच्या पाण्यात उमलतात. गुलाब कळीतच, पाकळी नुकती सैल होताना, पाच पर्णिकांच्या पानाच्या वर कापावा. ॲस्टर आणि झिनिया मात्र पूर्ण उमलू द्यावी लागतात. कच्ची कापली तर मान टाकतात. झिनिया जितकी कापावी तितकी फुटते. ग्लॅडिओलसचा कंद एकदाच दांडा देतो, म्हणून कापताना खाली चार पाने ठेवायची. त्यांच्यावरच नवा कंद पोसला जातो.

कापल्यावर दांडा तत्काळ स्वच्छ पाण्यात जायला हवा, नाही तर टोकाशी हवा शिरून पाण्याची वाट अडते. घरात आणल्यावर टोक पुन्हा तिरके कापायचे, पाण्याखाली येणारी पाने काढायची, पाणी रोज बदलायचे. ग्लॅडिओलस आडवा ठेवला तर त्याचा शेंडा वर वळतो आणि वाकडाच राहतो. फुलदाणीशेजारी पिकती केळी किंवा आंबे ठेवू नयेत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात.

ग्लॅडिओलसची पाने पिवळी पडली की कंद काढून, माती झाडून, सावलीत सुकवून हवेशीर जागी ठेवतात. साधारण तीन महिने ते फुटत नाहीत. ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, त्यामुळे त्या पुढच्याच हंगामात पेरून टाकाव्या लागतात.