भिशीच्या पैशात इंग्लंडची खेडी

मैत्रिणींनो, इंग्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? लंडनचं मोठं घड्याळ, राजवाड्यापुढचे पहारेकरी आणि लाल दुमजली बस. हे सगळं पाहण्यासारखं आहेच, पण लंडनचे चार दिवस म्हणजे पाकिटाला मोठं भोक! आणि खरं सांगू? इंग्लंडचा जीव त्याच्या खेड्यांत आहे. नदीकाठची पायवाट, दगडी देऊळवजा चर्च, मेंढ्यांची कुरणं, हे सारं पाहायला तिकीट लागत नाही. लागतात ते पाय, थोडी आखणी आणि बरोबर आपलं माणूस.

मी गेली अनेक वर्षं लंडनच्या पश्चिमेला रेडिंग या गावी राहते. परदेशात राहणारी माणसं पैशात लोळतात, असा आपल्याकडे एक समज आहे. तो माझ्या स्वयंपाकघरात एक महिना राहून पाहावा म्हणजे आपोआप दूर होईल! त्यामुळे साताऱ्याच्या माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं पत्र आलं, 'मे महिन्यात येते, नऊ दिवस राहीन', तेव्हा आनंद झाला तसा हिशेबही डोक्यात सुरू झाला.

तिचा हिशेब तर माझ्याहून कडक. सासूबाईंचं अंथरुणातलं आजारपण तिनं अकरा वर्षं काढलं. त्या गेल्यावर, मुलगी मार्गी लागल्यावर, भिशीचे आणि शिवणाचे पैसे साठवून तिनं विमानाचं तिकीट काढलं. घरात कुणाकडे एक पैसा मागितला नाही. अशी बाई तुमच्याकडे पाहुणी आली की पंचाईत कसली होते, ठाऊक आहे? सगळा खर्च आपण करावा तर तिचा मान जातो. तिला करू द्यावा तर ती मनातल्या मनात पौंडाचे रुपये करत बसते. एका पौंडाला शंभरावर रुपये! पहिल्याच दिवशी चहाच्या दुकानातली पाटी वाचून ती म्हणाली, "अगं, एवढ्यात आमच्याकडे आठवड्याचा चहा होतो. मी नाही पीत. तू पी, मी बाहेर बसते."

आता मला सांगा, मैत्रीण बाहेर बाकावर बसलेली असताना तो चहा घशाखाली उतरेल का?

एक बटवा, दोन मालकिणी

त्यावर आम्ही एक तोड काढली. घरातलं राहणं, सकाळचं न्याहारीपाणी आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. ते माहेरपण, त्याचा हिशेब नाही. बाहेर पडल्यानंतरचा खर्च मात्र एका कापडी बटव्यातून. जवळपास फिरायचं असेल तर दोघींनी सकाळी दहा-दहा पौंड त्यात टाकायचे, आगगाडीचा प्रवास असेल तर तीस-तीस. भाडं, चहा, पोस्टकार्डं, सगळं त्यातूनच. रात्री उरलेले मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कमी घालायचे. 'तू दे', 'मी देते' ही ओढाताण संपली. तुमच्याकडे पाहुणी येणार असेल किंवा तुम्ही कुणाकडे जाणार असाल, तर हा बटवा जरूर करून पाहा.

प्रवासाचं म्हणाल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, दोघी मिळून कायम एकत्र फिरणार असाल तर आगगाडीचं 'टू टुगेदर' कार्ड घ्यावं. ते वर्षभर चालतं, त्यावर दोघींची नावं आणि फोटो असतात, आणि दोघी एकत्र असताना तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघावं लागतं. तोवर पोळीभाजी आटोपतेच! दुसरी गोष्ट बसची. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक स्थानिक बसना एका वेळच्या प्रवासाला जास्तीत जास्त तीन पौंड अशी मर्यादा घातली गेली. मग बस पुढच्या गावाला जावो की तासभर दूर. हे दर सरकार बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. तिसरी गोष्ट, खेड्यातल्या बसची परतीची वेळ आधी पाहावी आणि मगच घर सोडावं. रविवारी कित्येक खेड्यांत बस फिरकतच नाही.

दुसऱ्याच्या शेतातून वाट

पहिले दोन दिवस तिची झोप ताळ्यावर नव्हती, म्हणून घराजवळच हिंडलो. रेडिंगहून थेम्सच्या काठाकाठाने सोनिंग नावाचं खेडं साधारण पाच किलोमीटर. तिथे नदीवर विटांचा जुना कमानदार पूल आहे. बाजूला लालसर विटांची घरं, फाटकावर चढलेले वेल, पाण्यात हंस. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी वाट एका शेतातून गेली. कोवळ्या गव्हातून जेमतेम एका माणसापुरती पायवाट. मैत्रीण फाटकापाशीच थबकली. "कुणाचं तरी शेत आहे गं. ओरडतील." तिला समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण खेडी स्वस्तात पाहता येतात ती यामुळेच.

आपल्याकडे पाणंद असते ना, शेतांमधून गेलेली, गावाच्या वहिवाटीची? तशाच या वाटा. जमीन मालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. हा हक्क काही आयता पदरात पडला नाही. माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या काही शे कामगार तरुणांनी किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम घुसून मोर्चा नेला. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण लोकमत हललं, १९४९ साली कायदा झाला, आणि गावोगावच्या पायवाटांची नकाशावर नोंद करणं कौन्सिलांना भाग पडलं. आज नारिंगी वेष्टनाचा सरकारी नकाशा घेतला की त्यावर हिरव्या तुटक रेघांनी प्रत्येक पायवाट दाखवलेली असते. वाचनालयातही हे नकाशे बघायला मिळतात.

चालणाऱ्यानेही रीत पाळायची. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. वासरांसह गाई असतील तर लांबून वळसा घ्यायचा. आणि वाटेकडेच्या 'नेटल' नावाच्या झुडपाला हात लावायचा नाही. आपल्या खाजकुयलीची ती चुलतबहीणच म्हणा!

मधाच्या रंगाची गावं

कॅलेंडरवरची सुंदर खेडी पाहायची हौस तिलाही होती. ती गावं कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत. तिथल्या चुनखडीच्या दगडाला मधासारखा पिवळसर रंग आहे, आणि घर, कुंपण, चर्च, सगळं त्याच दगडाचं. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर हा मुलूख गबर झाला. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं, हा प्रश्न पडला तर उत्तर एकच, मेंढ्या!

आगगाडीने मोरटन-इन-मार्श, तिथून बसने बोर्टन-ऑन-द-वॉटर. गावामधून विंडरश नदी वाहते आणि तिच्यावर बुटके दगडी पूल आहेत. दुपारी तिथे जत्रेसारखी गर्दी होते. म्हणून आम्ही फार रेंगाळलो नाही. वीसेक मिनिटं पायी गेलं की लोअर स्लॉटर हे खेडं लागतं, ते निवांत आहे. नावावरून मैत्रीण दचकली, पण कत्तलीशी त्याचा संबंध नाही. चिखलाच्या जागेला जुन्या इंग्रजीत असलेला शब्द तो. ओढ्याकाठी बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. आमच्या नऊ दिवसांतला हा सगळ्यात महाग दिवस, आणि तोही सारा भाड्यात गेला.

वाँटेजच्या रस्त्यावर

आता ज्या गावासाठी हा लेख लिहिते आहे, तिथे येते. ऑक्सफर्डहून थेट बसने वाँटेजला जाता येतं. बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. नवव्या शतकातला हा राजा या गावचा. प्रवासी त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. पण मराठी बाईने इथे थांबावं, कारण इथे आपल्या पंडिता रमाबाई राहिल्या.

साल १८८३. रमाबाई पंचवीस वर्षांच्या. नवरा आदल्याच वर्षी वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यक शिकायचं म्हणून त्या समुद्र ओलांडून आल्या. 'स्त्रीधर्मनीती' या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशातून प्रवासाचा खर्च केला. इथल्या सेंट मेरी मठातल्या भगिनींनी आसरा दिला. त्या भगिनींचं पुण्यात काम होतं. तिकडे जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, असं ठरलं होतं. म्हणजे फुकटचा घास नव्हता. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. त्याच सप्टेंबरात त्यांनी इथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते आपण वाचलेलं आहेच. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या, शिकवलंही.

पण त्यांच्याबरोबर आलेली मैत्रीण कुणाला आठवते? आनंदीबाई भगत. दोघी एकत्र बोटीत चढल्या, एकत्र इथे आल्या, आणि काही महिन्यांतच आनंदीबाईंनी इथे स्वतःचा जीव दिला. परका देश, परकी भाषा. मनात काय कालवाकालव झाली असेल, कोण जाणे.

मठाची दगडी वास्तू आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बिचारीशी बोलायला रमाबाईंशिवाय कुणी नसेल गं." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि ही बघ. पुस्तकाच्या पैशानं आली, मराठी शिकवून राहिली. तेव्हा ती रुपयांचे पौंड मोजत असेल का?"

"मोजतच असेल की," मी म्हटलं. "तान्ही पोर होती पदरात."

चौकात परत आलो तर बाई स्वतःहून चहाच्या दुकानात शिरल्या. दोन चहा आणि लोणी, जॅम, घट्ट साय लावून खायचा एक स्कोन, दोघींत अर्धा-अर्धा. मी बटवा काढला तर माझा हात धरला. "हा माझ्या शिवणाचा." मीही मग आग्रह केला नाही. नऊ दिवसांत तिनं पाटी न वाचता घेतलेला तो पहिला चहा.

सारवलेला घोडा

वाँटेजच्या पश्चिमेला टेकडीवर अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. हिरव्या उतारावर चर खणून त्यात पांढरा खडू ठासून काढलेली, सुमारे ११० मीटर लांबीची आकृती. वय जवळजवळ तीन हजार वर्षं. पाहायला पैसे पडत नाहीत. तिथवर भरवशाची बस नसल्याने आम्ही जाताना दोघींत टॅक्सी केली. येताना रिजवे या प्राचीन वाटेने डोंगरमाथ्यावरून वाँटेजपर्यंत पायी आलो, अकराएक किलोमीटर. दोन्हीकडे कुरणं, काटेरी हॉथॉर्नला पांढरा बहर आणि आभाळात दिसेनासा झालेला चंडोल.

जवळ उभं राहिलं तर घोडा पुरता दिसत नाही, नुसते पांढरे पट्टे दिसतात. खालच्या खोऱ्यातून तो नीट दिसतो. पण मला आवडलं ते दुसरंच. काही वर्षं हात फिरवला नाही तर गवत चढून ही आकृती पुसली जाईल. म्हणून गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ती साफ करत आले. आजही स्वयंसेवक गुडघे टेकून हातोडीने नवा खडू ठोकून बसवतात. "म्हणजे आपलं अंगण सारवल्यासारखंच," मैत्रीण म्हणाली. "रोजचं काम. कुणाच्या नजरेत न येणारं." खरंच मैत्रिणींनो, राजेरजवाडे गेले, भाषा बदलली, धर्म बदलले. घोडा टिकला तो सारवणाऱ्या हातांनी.

निघण्यापूर्वी

तुमच्यापैकी कुणी येणार असाल, तर मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा निवडा. रात्री नऊपर्यंत उजेड असतो. साडी नेसून खुशाल चाला, पण पायात पकड असलेले बूट हवेत. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. उन्हातही स्वेटर आणि पातळ रेनकोट पिशवीत असू द्या. खेड्यांत स्वच्छतागृह शोधावं लागतं, म्हणून स्टेशनवरचं किंवा चहाच्या दुकानातलं चुकवू नका. संध्याकाळी मोठ्या दुकानांत त्याच दिवशी संपवायच्या मालावर उतरत्या किमतीची पिवळी चिठ्ठी लावतात. ब्रेड, फळं तेव्हा घ्यावीत. पाऊस कोसळलाच तर ऑक्सफर्डचं अॅश्मोलियन संग्रहालय पाहायला तिकीट नाही. मुक्काम करायचा झाला तर युवा वसतिगृहांत कुठल्याही वयाच्या माणसाला जागा मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरही वापरता येतं. पिठल्याचं पीठ बरोबर असलं की झालं!

निघायच्या आदल्या रात्री आम्ही बटवा उपडा केला. चौदा पौंड आणि थोडी चिल्लर उरली होती. अर्धे तिला दिले. तिनं ते रुमालात बांधले आणि म्हणाली, "हे नव्या भिशीचं भांडवल. पुढच्या वेळी ह्यांना घेऊन येईन. पण बटव्यात त्यांचे त्यांनी टाकायचे हं!"