अण्णांच्या फियाटचे पाटे

जुनी मोटार बाळगणे आणि हिशेब राखणे या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, असे आमच्या धाकट्या बंधूंचे ठाम मत आहे; आणि तीन पिढ्या हळदीच्या अडतीत घालवलेल्या घराला ते पटावे, यात नवल नाही. वार्षिक हिशेबाच्या बैठकीत त्यांनी शेडमधल्या फियाटचा विषय काढला. जागा पोत्यांना हवी होती आणि भंगारवाल्याने किंमतही सांगून ठेवली होती. अण्णांनी 1970 साली, नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली ही गाडी. मी विकू देणार नाही हे उघड होते. अखेर तोड निघाली ती अशी : घरखर्चाच्या खात्यातून 45,000 रुपये घ्यावेत, वर एक पैसाही मागू नये, आणि दिवाळीच्या आत आई या गाडीतून निपाणीला माहेरी जाऊन सुखरूप परत यावी. तसे न घडल्यास गाडी विकावी. आईचे वय 81, कमरेचा मणका नाजूक. अशा स्थितीत रंग, क्रोम, गाद्या यांचा विचार बाजूला पडला आणि सारे लक्ष गाडीच्या खालच्या अंगाकडे वळले.

ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये तयार झाली. 1944 साली ती कंपनी स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे हीच गाडी ‘पद्मिनी’ नावाने घराघरांत पोहोचली आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. त्यांतली शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांची ददात नव्हती. आता मात्र शोधावे लागतात.

या गाडीची रचना समजून घेणे अवघड नाही. पुढची दोन्ही चाके स्वतंत्र; प्रत्येकाला वर-खाली दोन आडवे हात आणि मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. मागे मात्र बैलगाडीसारखा सलग आस आणि त्याखाली एकावर एक रचलेले पोलादी पाटे. स्प्रिंग व पाटे भार पेलतात, आणि खड्ड्यातून गेल्यावर त्यांची जी डुलण्याची खोड असते ती शॉक अॅब्सॉर्बर आवरतो. या सगळ्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. गाडी उभी राहिली म्हणजे काही झिजत नाही, हा समज खोटा. रबर उभ्याउभ्या वाळते, तडकते, आणि मग लोखंड लोखंडावर आदळू लागते.

आमच्या पुतण्याने भ्रमणध्वनीवर पाहून एक यादी केली होती : वायू भरलेले महागडे शॉक, पॉलीयुरेथेनचे कडक बुश, आणि गाडी खाली बसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापणे. मिरजेच्या मिस्त्रींनी ती यादी शांतपणे वाचली व म्हणाले, ‘‘बाळ, गाडी शर्यतीला न्यायची आहे की आजींना माहेरी?’’ कडक बुशाने वळणावर गाडी ताठ राहते हे खरे, पण रस्त्याचा प्रत्येक खडा कमरेपर्यंत पोहोचतो. स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि अधिक कडकही होते. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते, पण तिची चौकट, सांगाडा वा इंजिन मुळापासून बदललेले नसावे लागते. त्या नोंदणीचे 20,000 रुपये शुल्क आमच्या खात्यात बसणारे नव्हते, आणि तशी गाडी रोजच्या वापरालाही नेता येत नाही. तरी ते दार उघडे राहावे, म्हणून कापाकापी नको असे मीही ठरवले.

मग तपासणी झाली. मडगार्डचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. आमची पाळण्यासारखी डुलत राहिली, म्हणजे चारही शॉक गेले होते. पुढचे चाक जॅकवर घेऊन वरून व खालून धरून हलवले, तर खडखडले. तेव्हा मिस्त्रींनी पुतण्याला ब्रेक दाबून धरायला लावला. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. तो तसाच राहिला. शॉक सगळ्यात आधी बदलावेत असा माझा कल होता, पण ढिल्या सांध्यांवर नवे शॉक लावणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी सतरंजी अंथरणे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य झाले. म्हणून क्रम ठरला : आधी बुश आणि किंगपिन, मग पाटे, मग शॉक, शेवटी टायर.

सुट्या भागांच्या खरेदीत व्यापारी बुद्धी कामी आली. ‘कंपनीचा जुना मूळ माल’ म्हणून चढ्या भावाने खपणारी पाकिटे सर्वत्र मिळतात. लोखंडी भागाला हे ठीक; किंगपिनचा संच मी तसाच घेतला. रबर मात्र पाकिटातही म्हातारे होते. एका विक्रेत्याने पाठवलेले बुश नखाने दाबले तर दगडासारखे लागले. ते परत केले आणि साध्या नावाचे, पण नुकतेच तयार झालेले घेतले. टायरांच्या बाबतीतही हाच नियम. टायरच्या कडेवर चार अंक असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सवलतीत मिळालेला टायर तीन वर्षे गोदामात पडलेला असेल, तर ती सवलत कसली?

पाट्यांवर सर्वांत कमी पैसा लागला आणि सर्वांत अधिक गुण आला. उतरवून एकेक पान सुटे केले तेव्हा मधोमध गंज साचून सगळी पाने एकजीव झालेली दिसली. ती एकमेकांवर सरकली पाहिजेत, तेव्हाच पाटा लवचिक राहतो. सांगलीतच पाट्यांचे काम करणाऱ्या भट्टीवाल्याने खाली बसलेल्या पानांना पुन्हा कमान दिली. घासून, ग्रॅफाइटचे ग्रीस लावून, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घालून ते बसवले. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, तेथे काटकसर करू नये.

बुशांचे बोल्ट आवळताना मिस्त्रींनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. गाडी जॅकवर असताना ते नुसते हाताने बसवले आणि चारी चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच पक्के आवळले. अधांतरी आवळले असते, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांत फाटले असते.

शॉक साधेच घेतले, पण मूळ लांबीचे आणि चारही एकाच बनावटीचे. नव्या टायरांचे 14,000 धरून एकूण खर्च 42,400 झाला.

निपाणीला जाताना कोल्हापूरच्या अलीकडे आई मागच्या सीटवर झोपली. उठल्यावर तिने एवढेच विचारले, ‘‘पाटे बदलले का रे? अण्णा असताना सुद्धा ही इतकी मऊ नव्हती.’’ बदललेले नव्हते, तेच होते. परतीच्या वाटेवर गाडी बंधूंनी चालवली आणि स्टिअरिंग बॉक्स ढिला असल्याची तक्रार केली. ती खरी आहे. उरलेल्या 2,600 रुपयांत ते काम होणार नाही, म्हणून पुढील वर्षाच्या खात्यात त्यांनी स्वतःच त्यासाठी रक्कम धरली आहे. पोत्यांसाठी शेडच्या मागे पत्रे टाकण्याचा खर्चही त्याच पानावर आहे.