नव्या शब्दांची वर्दळ

ऑक्सफर्ड विद्यापीठाची प्रकाशनसंस्था दर वर्षाच्या अखेरीस इंग्रजीतील एका शब्दाच्या गळ्यात माळ घालते. २०२३ साली ती माळ 'रिझ' या शब्दाच्या गळ्यात पडली, २०२४ साली 'ब्रेन रॉट'च्या आणि २०२५ साली 'रेज बेट'च्या. मोबाइलवर तासन्‌तास निरर्थक काहीबाही पाहत राहिल्याने मेंदूला जी कूज लागते ती ब्रेन रॉट. पाहणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी एवढ्याच हेतूने टाकलेला गळ म्हणजे रेज बेट. यांतला ब्रेन रॉट दिसतो तितका नवा नाही. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने तो १८५४ सालच्या 'वॉल्डन'मध्ये वापरला होता. मोबाइलवाचूनही मेंदू कुजत असत, हे त्यावरून सिद्ध होते.

दिंडोरीसारख्या द्राक्षांच्या गावी राहून आम्हाला या माळांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु ऑक्सफर्डचा शब्द नाशिकला यायला आता बोटीची वाट पाहावी लागत नाही. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात मुलांचे कोंडाळे जमते, तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरे. परवा अशाच एका कोंडाळ्यातून नववीतला एक मुलगा, सुट्टीत आमच्याकडे आलेल्या सेमिनरीतील ब्रदरांविषयी म्हणाला, "ब्रदरांकडे रिझ आहे." शेजारी उभी असलेली त्याची आजी लगेच उत्तरली, "हां, रिझवतात खरं सगळ्यांला." नातू चकित झाला, आणि आम्हीही. आजी अर्थाच्या मुक्कामी अचूक पोहोचली होती, मात्र भलत्याच वाटेने.

मराठीतील रिझणे-रिझवणे आणि इंग्रजीतील रिझ यांचे काही एक नाते नाही. इंग्रजी रिझ म्हणजे 'कॅरिझ्मा' या शब्दाचे डोके आणि शेपूट छाटून उरलेला मधला तुकडा. आता कॅरिझ्मा पाहा. ग्रीक भाषेत 'खारिस' म्हणजे कृपा, आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपेने लाभलेले दान. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आला आहे. दुखणाइतांना बरे करण्याचे दान, संदेश सांगण्याचे दान, भाषांचा अर्थ उलगडण्याचे दान. यांतले एकही कमावलेले नव्हे आणि मिरवण्यासाठी तर मुळीच नव्हे, असा पौलाचा रोख. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने हा शब्द राजकीय नेतृत्वाच्या चर्चेत आणला. तेथून तो पुढाऱ्यांना चिकटला, नटनट्यांना चिकटला आणि आता मुलींवर छाप पाडण्याच्या कलेपर्यंत येऊन ठेपला. कॅरिझमॅटिक प्रार्थनासभा न चुकवणाऱ्या त्या आजीला ठाऊक नव्हते, की नातवाच्या तोंडचा शब्द तिच्याच घरचा आहे, फक्त केस कापून आलेला.

सगळ्याच शब्दांना असे कुळ नसते. केंब्रिजच्या कोशाने २०२५ साली 'स्किबिडी'ला दार उघडले. शौचकूपातून मान वर काढून गाणाऱ्या मुंडक्यांच्या एका चित्रमालिकेतून हा शब्द प्रसिद्धीस आला. त्याचा अर्थ चांगला, वाईट किंवा काहीच नाही असा तिन्ही प्रकारे लागतो. (संपादक महाशयांची क्षमा मागून एवढे लिहिणे भाग पडले.) त्याच वर्षी डिक्शनरी डॉट कॉम या कोशाने तर शब्द सोडून एक आकडाच निवडला: ६७. मुले 'सिक्स-सेव्हन' म्हणतात, दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली करतात आणि हसतात. अर्थ विचारू नये, नाहीच.

या सदुसष्टाने आमच्या उपासनेतही प्रवेश केला. गीत क्रमांक सदुसष्ट, असे आम्ही जाहीर केले. इंग्रजी माध्यमाची मुले नुसतीच पाने उलटीत राहिली, कारण सदुसष्ट म्हणजे किती हे त्यांना उमगेना. गायकवृंदातील एका ताईंनी मदतीखातर 'सिक्स-सेव्हन' असे सांगितले मात्र, पुढच्या तीन बाकांवरचे तळवे वरखाली होऊ लागले! ताई बिचाऱ्या गोंधळल्या. मागच्या बाकांवरील वडीलधाऱ्यांना वाटले, ही गीतावरची नवी कृती असावी. दोघांनी तर तीही केली.

आमच्या मनात तेव्हा २०१९ सालचा गदारोळ आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सदुसष्टला 'साठ सात' असे वाचण्याची रीत आली होती. विधानसभेत अजित पवारांनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचे 'फडण-दोन-शून्य' करून सभागृह हसवले. विनोद उत्तम होता. तरी ज्यांच्या अध्यक्षतेखाली तो निर्णय झाला त्या गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जुने शब्द हद्दपार केले नव्हते. जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या लहानग्यासाठी त्यांनी दुसरे दार उघडले होते. सदुसष्ट हा शब्द आम्हाला प्रिय आहे. पण ज्या मुलांना तो कळतच नाही, त्यांच्यासमोर तो नुसता प्रिय असून काय उपयोग?

पालकांची तक्रार निराळी असते. "फादर, पोरं आमच्यासमोर काय बोलतात तेच समजत नाही." अहो, समजू नये म्हणूनच तर ते बोलणे! आमच्या लहानपणी 'च'ची भाषा होती. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे 'च' लावायचा, की 'मला'चे 'चलाम' होई आणि 'दिंडोरी'चे 'चडोरीदिं'. वडीलमंडळी जेवढी वैतागत तेवढा आनंद अधिक. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, तीही एक गुप्त बोलीच. घराला कडी असते तशी प्रत्येक पिढीच्या बोलीला असते. कडी लावून घेणाऱ्या मुलावर रागावण्याचे कारण नाही. आत काय चालले आहे याची चौकशी मात्र जरूर असावी.

परभाषेच्या शब्दांविषयी आपण ख्रिस्ती लोकांनी तर फार नाके मुरडू नयेत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा इथलाच शब्द हाती घेतला. त्याच काळात पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, बादली, चावी, घमेले, पगार ही मंडळी आली ती परत गेलीच नाहीत. आज पगाराला परका म्हणणारा मराठी माणूस आम्ही पाहिलेला नाही. देवाणघेवाण दुतर्फा असते: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशाच्या २०२० सालच्या आवृत्तीत आपली 'चाळ' आणि आपला 'डबा' जाऊन बसले.

शब्द घडवावा कोणी, हा प्रश्न मोठा आहे. सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले, ते रुळले. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले, पाठोपाठ पदनाम कोश आला आणि थट्टेखोरांनी त्याचा 'बदनाम कोश' केला. ती थट्टा थोडी अन्यायाचीच होती, कारण बसून शब्द घडवणे हे अवघड काम आहे. पण आमच्या तालुक्यात हे काम कोणी न बसता, बागेत उभ्या-उभ्या केले आहे. द्राक्षवेलीवर डाउनी मिल्ड्यू नावाचा बुरशीचा रोग पडतो. पुस्तकात त्याला केवडा म्हणतात. आमच्या शेतकऱ्याने त्या 'डाउनी'ला पकडून तिची 'डावणी' केली. आता ती दावणीची सख्खी बहीण वाटते. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, की वणीपासून मोहाडीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते, "डावणी आली." त्या दोन शब्दांत बँकेचे कर्ज, मुलीचे लग्न, औषधाचा खर्च सारे येते, दुभाषा लागत नाही. तसाच 'जीए'. जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचे हे बागेतले नाव, मणी लांबावेत-फुगावेत म्हणून ते देतात. आम्ही जी. ए. कुलकर्णींच्या कथांवर पोसलेले. इथे आलो त्या पहिल्या हंगामात "काल जीए मारला," असे कोणी सहज सांगितले, तेव्हा आम्ही काही क्षण स्तब्ध झालो होतो!

इथवर सारी गंमत. पण एका शब्दाने आमची झोप उडवली.

तालुक्याच्या पश्चिमेकडील एका पाड्यावरचा मुलगा नाशिकला कॉलेजात गेला. घरातला कॉलेजात जाणारा तो पहिला. दिवाळीत त्याची आई भेटली तेव्हा चेहरा फुललेला होता. "फादर, पोराला एनपीसीत घेतलं बरं का." आम्ही म्हणालो, एनसीसी म्हणत असाल. "नाही, एनपीसी. सगळी पोरं त्याला तेच म्हणतात."

आम्ही आमच्या युवागटातील एका मुलीला विचारले. ती सांगताना अवघडली. संगणकावरच्या खेळात जे खरे खेळाडू असतात त्यांच्याभोवती काही पात्रे फिरत असतात: दुकानदार, वाटसरू, पहारेकरी. त्यांना कोणी माणूस चालवीत नाही, यंत्र चालवते. ठरलेले दोन वाक्ये बोलायची आणि बाजूला उभे राहायचे. त्यांना 'नॉन-प्लेयर कॅरेक्टर' म्हणतात, थोडक्यात एनपीसी. आणि आता वर्गात जो गप्प असतो, ज्याचे कपडे साधे, ज्याची बोली वेगळी, त्यालाही तेच म्हणतात.

आपल्याकडे 'गावठी' होते, 'घाटी' होते; त्या शिव्यांतही समोरचा माणूस निदान माणूस होता. या शब्दात तोही उरत नाही. मुलांनी हे इतके समजून केले असेल असे आम्हाला वाटत नाही. ती हसण्यासाठी म्हणाली असतील. दगड हसतहसत मारला म्हणून हलका होत नाही, एवढेच.

मुलगा भेटल्यावर आम्ही आडून विचारले. त्याला अर्थ पहिल्या आठवड्यातच कळला होता. "मग आईला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तिला बरं वाटतंय ना, फादर. राहू द्या." आम्ही आईला काही बोललो नाही, आजपर्यंत नाही. युवागटाच्या बैठकीत मात्र कोणाचेही नाव न घेता तो शब्द फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकाला विचारले, तुम्हाला हे कोणी म्हटले आहे काय. चौदा जणांपैकी नऊ हात वर आले. त्या संध्याकाळी दुसरा विषय झाला नाही.

तेव्हापासून आम्ही एक व्यवहार सुरू केला आहे. दर रविवारी मुलांनी एक नवा शब्द आणायचा, अर्थासह. बदल्यात वडीलमंडळींनी एक जुना द्यायचा. गेल्या रविवारी त्यांनी 'डेलुलू' आणला. 'डिल्यूजनल' या लांबलचक इंग्रजी शब्दाचे हे लाडके रूप. जे होणे नाही ते होणारच अशा भ्रमात सुखाने राहणारा तो डेलुलू. हाही आता केंब्रिजच्या कोशात आहे. आमच्या बाजूने एका निवृत्त शिक्षिकेने 'मनोराज्य' दिला. मुलांनी तो दोनदा घोळवला, लांब आहे म्हणून कुरकुर केली आणि जागच्या जागी छाटला. सायंकाळी क्रिकेट चालले होते. शेवटच्या षटकात पंचवीस धावा हव्या असताना फलंदाज बाह्या सरसावू लागला, तेव्हा यष्टिरक्षक ओरडला, "ए, मनोरा बांधू नको!"